दवाखान्यासाठी परवडणारा पल्स ऑक्सिमीटर: निवडायचा कसा आणि दुकानातच पारखायचा कसा

मेडिकलच्या दुकानात ‘ऑक्सिमीटर दाखवा’ म्हटलं की काउंटरवर चार-पाच खोकी येऊन पडतात. सातशे-आठशे रुपयांपासून अडीच हजारांपर्यंत. आतलं यंत्र दिसायला जवळपास सारखंच. किमतीत फरक का, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘यात रंगीत डिस्प्ले आहे’, ‘याला ब्लूटूथ आहे’. पेशंटच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टींना कवडीची किंमत नाही. ज्यांना किंमत आहे, त्या गोष्टी खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या नसतात.

छोट्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. ऑक्सिमीटर दुरुस्तीला फारसे येत नाहीत, कारण बिघडला की लोक नवाच घेतात. त्यामुळे पारख करायची ती घेतानाच. जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, उपकेंद्रातल्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी, घरी जाऊन पेशंटची सेवा करणारे आणि घरात सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचा, पेशंट असलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे.

यंत्र नेमकं काय मोजतं

हे दोन परिच्छेद गाळू नका. पुढचं सगळं यावरच उभं आहे. बोटाला लावायच्या चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही. समोरच्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. ऑक्सिजन सोडलेल्याचं उलट असतं. पण बोटात कातडी, हाड, शिरांमधलं रक्त, सगळंच प्रकाश अडवतं. त्यातून धमनीतलं रक्त तेवढं वेगळं कसं काढायचं? जपानच्या निहोन कोडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यावर तोड काढली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो तेवढाच भाग मोजायचा, स्थिर असलेला बाकीचा भाग सोडून द्यायचा. म्हणजे बोटापर्यंत नाडीच नीट पोचत नसेल, तर यंत्र कितीही महागाचं असो, त्याला मोजायला काही उरत नाही.

लाल आणि अवरक्त यांच्या गुणोत्तराला टक्क्यांत, म्हणजे शंभरातलं किती हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं आहे या आकड्यात, बदलणारं एक कोष्टक यंत्राच्या पोटात असतं. हे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्याच वेळी त्यांच्या धमनीतलं रक्त तपासून बनवतात. कुणालाही ७० टक्क्यांच्या खाली फारसं नेता येत नाही, म्हणून ७० च्या खालचा आकडा म्हणजे अंदाजच. ‘अचूकता ±२’ याचा अर्थही नीट घ्या. साधारण दोन तृतीयांश वेळा आकडा दोनच्या आत बरोबर असतो; चारपर्यंतचा फरक अधूनमधून पडला तरी ते यंत्र नियमात बसतं. एका यंत्रावर ९५ आणि दुसऱ्यावर ९३ आलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. आणखी एक आकडा लक्षात ठेवा: ८५. बोट हलत असेल किंवा सिग्नल अगदी दुबळा असेल, तर दोन्ही दिव्यांच्या सिग्नलमध्ये सारखाच गोंधळ मिसळतो, गुणोत्तर एकच्या आसपास जातं आणि कोष्टकात एकसमोर साधारण ८५ लिहिलेलं असतं. पेशंट छान बोलतोय, ओठ गुलाबी आहेत आणि यंत्र ८४-८५-८६ मध्ये घुटमळतंय, तर आधी बोट बघा.

आधी ठरवा, बोट कुणाचं

घेणाऱ्याला मी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, आणि बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. आठशे रुपयांचा असो की अडीच हजारांचा, बोटावरचा चिमटा मोठ्या माणसाच्या बोटासाठी बनवलेला असतो. लहान मुलाचं बोट त्यात घातलं की दिव्याचा काही प्रकाश बोटातून न जाता बाजूने सेन्सरवर पोचतो. मग आकडा येतो, पण तो बोटाचा नसतो. तान्ह्या बाळाच्या अंगठ्याला मोठ्यांचा चिमटा लावून ‘८६ आलंय’ म्हणून गाडी काढल्याचे प्रकार घडतात. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट: बाळ खरंच खालावलेलं असतं आणि यंत्र ठीक दाखवतं.

तुमच्याकडे मोठी माणसंच येत असतील, घरात एकाच पेशंटवर लक्ष ठेवायचं असेल, तर चिमटा पुरे. ओपीडीत लहान मुलं येत असतील तर निदान एक वायरवाला, हातात धरायचा ऑक्सिमीटर हवा. त्याला वायरच्या टोकाला दिवे आणि सेन्सर असलेला प्रोब लागतो: मोठ्यांचा क्लिप प्रोब, मुलांचा छोटा प्रोब आणि बाळाच्या तळपायाला किंवा तळहाताला गुंडाळायचा प्रोब बदलून लावता येतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये बालकांच्या न्यूमोनियासाठी ‘सांस’ मोहीम सुरू केली, तेव्हापासून खालच्या केंद्रांवरही मुलांचा ऑक्सिजन मोजण्यावर भर आहे. पण प्रोब मुलाच्या मापाचा नसेल तर मोजून उपयोग काय?

बाळंतपणं होत असतील तर वायरवाल्याला पर्यायच नाही. जन्मल्या-जन्मल्या बाळाचा ऑक्सिजन कमीच असतो. पहिल्या मिनिटाला ६०-६५, पाचव्या मिनिटाला ८०-८५, दहाव्या मिनिटापर्यंत ८५-९५ हे नेहमीचं. हे आकडे उजव्या हाताचे. इतक्या खालच्या पट्ट्यात, हलणाऱ्या ओल्या हातावर चिमट्याने मोजणं म्हणजे पाण्यावर रेघ ओढणं.

चिमटा की वायरवाला

चिमटा खिशात मावतो, स्वस्त असतो आणि दोन पेन्सिल सेलवर चालतो. त्याचा दोष असा की दिवे, सेन्सर, स्प्रिंग, पडदा सगळं एकत्र; एक गेलं की सगळं गेलं. टेबलावरून फरशीवर दोनदा पडला की बिजागरी सैल होते, बोटावर पकड राहत नाही आणि प्रकाशाची रेषा सरकते.

वायरवाला काही हजारांपासून सुरू होतो आणि चांगल्यातला वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातो. तो महाग वाटतो, पण त्यात झिजतो तो प्रोब, आणि प्रोब बदलता येतो. पेशंटवर सलग लावून ठेवता येतो, अलार्म असतो, आणि बऱ्याच यंत्रांत एक फार उपयोगी सोय असते: ऑक्सिजन खाली जाऊ लागला की नाडीच्या ‘टिक’चा सूर उतरत जातो. पडद्याकडे पाठ असली तरी टाके घालणाऱ्या डॉक्टरांना कानावरून कळतं. गरीब देशांतल्या शस्त्रक्रियागृहांसाठी २०११ मध्ये ‘लाइफबॉक्स’ ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत सर्जन अतुल गावंडे आहेत, ज्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. या संस्थेने जो ऑक्सिमीटर निवडला तोही वायरवाला, रिचार्ज होणारा आणि पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या प्रोबचा. जिथे यंत्रावर दिवसभर भिस्त ठेवायची आहे तिथे माझंही मत तेच.

वायरवाला घेताना प्रोबची भानगड आधी समजून घ्या. प्रोबच्या टोकाला बहुतेक वेळा नऊ पिनांचा प्लग असतो. तो दिसायला सारखा असतो, पण आतली जोडणी सारखी नसते. नेलकोर कंपनीच्या पद्धतीच्या प्रोबमध्ये एक छोटा रेझिस्टर असतो. त्या प्रोबच्या लाल दिव्याची नेमकी तरंगलांबी किती, हे त्याच्या किमतीवरून यंत्राला कळतं आणि यंत्र त्याप्रमाणे कोष्टक निवडतं. मासिमोची पद्धत वेगळी, आणखी काही कंपन्यांची त्याहून वेगळी. प्लग बसला म्हणजे प्रोब जुळला, असं नाही. चुकीचा प्रोब कधी काहीच दाखवत नाही, ते एका अर्थी बरंच म्हणायचं. कधी तो आकडा दाखवतो, आणि तो चुकीचा असतो. म्हणून यंत्राच्या किमतीआधी तीन गोष्टी विचारा: कोणत्या पद्धतीचा प्रोब लागतो, बदली प्रोब केवढ्याला, आणि तो आज दुकानात आहे का. ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

पडद्यावर काय हवं

दोन गोष्टी. पहिली, नाडीची लाट. नुसती वर-खाली होणारी कांडी नव्हे, तर सरकत जाणारी रेघ. बोटावरचा सिग्नल चांगला असेल तर लाट एकसारखी, उंच आणि उतारावर छोटा खाचा असलेली दिसते. सिग्नल वाईट असेल तर ती वेडीवाकडी होते. आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे लाट सांगते. लाट न दाखवणारं यंत्र म्हणजे साक्षीदाराविना जबानी.

दुसरी, परफ्यूजन इंडेक्स. पडद्यावर ‘पीआय’ म्हणून हा आकडा येतो. बोटातून येणाऱ्या एकूण प्रकाशात नाडीबरोबर हलणारा भाग किती टक्के, हे तो सांगतो. उबदार हातावर तो दोन, पाच, कधी दहाही येतो. थंडगार हातावर किंवा रक्तदाब पडलेल्या पेशंटमध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या खाली जातो, आणि तिथे ऑक्सिजनच्या आकड्याकडे संशयाने बघायचं. हे दोन्ही दाखवणारे चिमटे बाजारात हजार-दीड हजारांच्या आसपास मिळतात. पैसे इथे घाला.

बाकीच्या गोष्टींसाठी जास्त मोजू नका. ब्लूटूथ, मोबाइल अॅप, पडद्याचे चार रंग, झोपेचा आलेख, यांतली एकही गोष्ट ओपीडीत कामाची नाही. पडदा उन्हात वाचता येतो का एवढं मात्र दुकानाच्या दारात उभं राहून बघा. गृहभेटी ओसरीवर आणि अंगणात होतात. स्मार्ट घड्याळावरचा किंवा मोबाइलच्या फ्लॅशवर बोट ठेवून काढलेला आकडा केसपेपरवर कधीच लिहू नका.

खोकं आणि बिल

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने परवाना सक्तीचा झाला. त्यामुळे खोक्यावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक हवा. यंत्र बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक हवा. बॅच क्रमांक खोक्यावर असतो तोच यंत्राच्या पाठीवर आहे का, बघा. ‘सीई’चा शिक्का किंवा ‘एफडीए’ ही अक्षरं कुणीही छापू शकतं, त्यांवर भाळू नका. माहितीपत्रकात आयएसओ ८०६०१-२-६१ या मानकाचा उल्लेख असेल तर चांगलं. ते खास पल्स ऑक्सिमीटरसाठीचं मानक आहे.

एक बारीक ओळ मात्र भिंग लावून शोधा. काही यंत्रं खेळाडू, गिर्यारोहक किंवा ‘वेलनेस’साठी विकली जातात आणि त्यांच्या पत्रकात कोपऱ्यात लिहिलेलं असतं की वैद्यकीय वापरासाठी नाही. दिसायला तीच, किंमत थोडी कमी. दवाखान्यात ती चालायची नाहीत.

राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये ऑक्सिमीटरसह पाच उपकरणांवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला होता. तरी छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांत अजून मोठी दरी दिसते. घासाघीस करायला लाजू नका. पण पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, आणि ‘सात दिवसांत परत’ हे बिलावरच लिहून घ्या. उपकेंद्राच्या अबंधित निधीतून घेत असाल तर हे सगळं तसंही लागतंच.

दुकानात करायच्या चाचण्या

यंत्र खोक्यातून काढा, सेल घाला आणि पुढचं सगळं तिथेच करा. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

पहिली चाचणी पेन्सिलीची. कोविडच्या दुसऱ्या लाटेत पेन्सिलीलाही ऑक्सिजन दाखवणारी बनावट यंत्रं बाजारात आली होती, आणि तो माल पूर्ण संपला असेल याची खात्री नाही. चिमट्यात पेन्सिल अडकवा आणि टेबलावर ठेवा, हातात धरू नका. हात हलला की खरं यंत्रही क्षणभर एखादा आकडा दाखवू शकतं, त्यावरून त्याला खोटं ठरवू नका. पण टेबलावर पडलेल्या पेन्सिलीला छान लाट आणि स्थिर ९८ दाखवणारं यंत्र तिथेच ठेवून बाहेर या.

मग स्वतःचं बोट. हात टेबलावर टेकवा, बोट आतपर्यंत घाला, आणि आकडा स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते बघा. दहा-पंधरा सेकंदांत यायला हवा. त्याच वेळी दुसऱ्या हाताची नाडी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. यंत्राची नाडी आणि तुमची मोजणी यांत दोन-तीनचा फरक चालेल. दहाचा फरक असेल तर ऑक्सिजनच्या आकड्यालाही काही अर्थ नाही.

तिसरी चाचणी माझी आवडती, कारण तिला खोटं यंत्र फसतंच. बीपी मोजायचा पट्टा दंडाला बांधा, त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा, आकडा स्थिर होऊ द्या. मग पट्ट्यात हवा भरून वरच्या रक्तदाबापेक्षा वीस-तीसने जास्त न्या. बोटाकडे जाणारं रक्त थांबलं. खऱ्या यंत्राची लाट चपटी होते, पीआय कोसळतो आणि थोड्याच सेकंदांत आकड्यांच्या जागी रेघा येतात किंवा ‘बोट तपासा’ अशी सूचना येते. पट्टा सोडला की लाट परत येते. ९८ आधीच भरून ठेवलेलं यंत्र रक्त थांबलं तरी ९८ च दाखवत राहतं. वीस-तीस सेकंदांचं काम आहे. पट्टा त्याहून जास्त वेळ फुगवून ठेवू नका. दुकानात बीपीचं यंत्र असतंच, मागून घ्या.

जमलं तर हात अर्धा-एक मिनिट गार पाण्यात धरून, पुसून पुन्हा मोजा. पीआय उतरला पाहिजे. चांगल्या यंत्राचा आकडा थोडा उशिरा येतो, पण येतो. स्वस्तातलं यंत्र इथे हात टेकतं किंवा भलताच आकडा फेकतं. डिसेंबरातल्या सकाळी नाशिक किंवा महाबळेश्वरकडच्या पेशंटचे हात असेच असतात, त्यामुळे ही चाचणी पुस्तकी नाही.

श्वास रोखून आकडा खाली येतो का हे बघण्याची पद्धत बरेच जण सांगतात. मी ती सुचवत नाही. निरोगी माणसाचा आकडा अर्धा-पाऊण मिनिट श्वास रोखूनही हलत नाही आणि बोटापर्यंत बदल पोचायला वेळ लागतो तो वेगळाच. चांगलं यंत्र उगाच बदनाम होतं.

या सगळ्यातून पास झालेलं यंत्र निरोगी माणसावर बरोबर चालतं, एवढंच सिद्ध झालं. खरा फरक ९० च्या खाली दिसतो. त्यासाठी परतीच्या सात दिवसांत ओळखीच्या रुग्णालयात जा, डॉक्टरांची परवानगी घ्या, आणि मॉनिटरवर असलेल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या तीन-चार पेशंटांच्या त्याच हाताच्या शेजारच्या बोटाला तुमचं यंत्र लावा. दोन्ही आकडे स्थिर झाल्यावर लिहून घ्या. बहुतेक पेशंटांत फरक तीनच्या आत असेल तर यंत्र ठेवा. दरवेळी एकाच दिशेला चार-पाचने सरकत असेल, विशेषतः मॉनिटरपेक्षा जास्त दाखवत असेल, तर परत करा. कमी दाखवणारं यंत्र फार तर एखादा पेशंट उगाच पुढे पाठवतं. जास्त दाखवणारं यंत्र पाठवायला हवा तो पेशंट घरी पाठवतं.

वापरताना

पेशंट चालत आला असेल तर दोन-तीन मिनिटं बसू द्या. हात छातीच्या पातळीला टेकलेला, बोट उबदार. तर्जनी किंवा मधलं बोट घ्या. गडद नेलपॉलिश, विशेषतः निळी-काळी, असेल तर पुसा. पुसणं शक्य नसेल तर चिमटा आडवा फिरवून बोटाच्या दोन कडांना लावा. साधी लालसर मेंदी सहसा आड येत नाही, काळी मेंदी मात्र येते. लग्नसराईत दुसरं बोट किंवा कानाची पाळी बघावी लागते. त्याच हाताला बीपीचा पट्टा नको. उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली बोटावर रुमाल टाका. आणि यंत्र लावल्या-लावल्या जो पहिला आकडा चमकतो तो लिहू नका. लाट एकसारखी झाल्यावर अर्धा मिनिट थांबून जो आकडा टिकतो तो लिहा, शेजारी नाडी आणि श्वासांची संख्याही लिहा.

आकड्यांचा अर्थ थोडक्यात. धडधाकट माणसात ९५ च्या वर. कोविडकाळातल्या सरकारी सूचनांत ९० ते ९३ मध्यम आणि ९० च्या खाली गंभीर धरलं होतं. न्यूमोनियाच्या मुलात ९० च्या खाली म्हणजे ऑक्सिजन आणि रुग्णालय. जुन्या सीओपीडीच्या पेशंटला ऑक्सिजन देताना लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात, तिथे ९८ आणण्याचा हट्ट घातक ठरू शकतो. घरातल्यांनी हे आपल्या डॉक्टरांकडून पेशंटपुरतं लिहून घ्यावं.

चांगलं यंत्रही कुठे फसतं

बंद बाथरूममधला गॅस गिझर, दार लावून पेटवलेली शेगडी: अशा जागी बेशुद्ध सापडलेल्या माणसाच्या बोटाला यंत्र लावलं तर ९८-९९ येईल. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. आकड्याकडे न बघता मोकळ्या हवेत न्या, ऑक्सिजन लावा, पुढे पाठवा.

उलटा प्रकार मेथहिमोग्लोबिनचा, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणाऱ्या बदललेल्या हिमोग्लोबिनचा. कुष्ठरोगाच्या उपचारातलं डॅप्सोन घेणाऱ्या एखाद्या पेशंटमध्ये ते वाढतं, आणि यंत्र ८५ च्या आसपास अडकतं. ऑक्सिजन दिला तरी हलत नाही.

रक्तक्षयात यंत्र चोख चालतं आणि तरी दिशाभूल करतं. हिमोग्लोबिन ६ असलेल्या गरोदर बाईचा आकडाही ९९ येतो, कारण जे थोडं हिमोग्लोबिन आहे ते ऑक्सिजनने भरलेलं आहे. पण एकूण ऑक्सिजन वाहून नेला जातोय तो निम्माच. ‘ऑक्सिजन चांगला आहे’ असं सांगून तिला परत पाठवू नका. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलचे पेशंट असतात. त्यांच्यात यंत्राचा आकडा आणि रक्तातला खरा ऑक्सिजन यांत तफावत पडू शकते, म्हणून त्या पेशंटचा बरं असतानाचा आकडा कार्डावर लिहून ठेवा आणि तुलना त्याच्याशी करा.

त्वचेच्या रंगाची गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी, असं गोऱ्या पेशंटांत ३.६ टक्के वेळा आढळलं, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. यंत्र गडद त्वचेवर जास्त आकडा दाखवण्याकडे झुकतं. आपल्याकडे सावळ्यापासून काळ्यापर्यंत सगळे रंग आहेत. गडद त्वचेच्या पेशंटमध्ये ९३ आलं आणि श्वास मिनिटाला अठ्ठावीस असेल, तर श्वासांचं ऐका.

निगा

प्रत्येक पेशंटनंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने आतले रबर पुसा आणि वाळू द्या. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका. त्यातल्या ग्लिसरिनचा थर दिव्याच्या काचेवर बसतो आणि काही महिन्यांत पीआय उगाच कमी येऊ लागतो. ‘यंत्र बिघडलं’ म्हणून माझ्याकडे आलेल्या चिमट्यांपैकी कित्येक नुसते आतून पुसून चालू झाले आहेत. पाण्यात किंवा ब्लीचमध्ये कधीच बुडवू नका.

यंत्र आठवडाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. सेल गळून पत्रा गंजला की चिमटा गेलाच समजा. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, ते पूर्ण भरलेले असूनही काही यंत्रं ‘बॅटरी कमी’ दाखवतात. साधे अल्कलाइन सेल बरे.

वायरवाल्याचा प्रोब वायरला धरून ओढू नका. वायर तुटते ती नेहमी दोनच जागी, प्लगच्या मानेशी आणि क्लिपच्या मुळाशी. वायर यंत्राभोवती घट्ट गुंडाळायची सवय असेल तर वर्षभरातच तुटते. सैल वेटोळं करून ठेवा. तुटलेल्या वायरला डाग देऊन चालवणं शक्य असतं, मी ते करूनही देतो, पण तात्पुरतं. डाग हलला की आकडा नाचतो, आणि तो नेमका रात्रीच्या पेशंटवर नाचतो. बदली प्रोब कपाटात ठेवा.

दर महिन्याला बीपीच्या पट्ट्याची चाचणी आणि नाडीची मोजणी परत करा, तारीख वहीत टाका. आकडा यायला लागणारा वेळ वाढत चालला असेल, बिजागरी खुळखुळत असेल किंवा रबराला चीर गेली असेल, तर चिमटा ओपीडीतून काढा. आणि काढलेला चिमटा ‘असू दे’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवू नका. गर्दीच्या दिवशी कुणीतरी तोच काढून वापरतं. सेल काढा आणि ई-कचऱ्यात द्या.